बाणेर की कल्याणीनगर? घर घेण्याआधीची आरोग्यतपासणी

पुण्यात कोटीच्या पुढचे घर घ्यायला निघालेल्या कुटुंबात एक वाद हमखास होतो. शहराच्या पश्चिमेला बाणेर-बालेवाडी, पूर्वेला कल्याणीनगर. दोन्हीकडे पोहण्याचे तलाव असलेल्या सोसायट्या, नावाजलेल्या शाळा, मोठी रुग्णालये आणि रात्री उशिरापर्यंत गजबजलेली हॉटेले. हिंजवडीत नोकरी असलेल्याला बाणेर सोयीचे, खराडीत असलेल्याला कल्याणीनगर. नवरा हिंजवडीला आणि बायको खराडीला असेल, तर दर रविवारी जेवणाच्या टेबलावर हाच विषय. चौरस फुटाचा दर, कार्पेट एरिया, पार्किंग, पुढच्या दहा वर्षांत भाव किती वाढेल, अशा मुद्द्यांनी वही भरते. तिच्यातले एक पान मात्र बहुधा कोरेच राहते. या घरात राहून घरातल्या माणसांची तब्येत कशी राहील?

असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. आई-बाबा दोघेही नोकरी करणारे. मुलगा आठ वर्षांचा. थंडी सुरू झाली की त्याच्या छातीत घरघर होते, इनहेलर दप्तरातच असतो. आजी सत्तरीच्या, रक्तदाबाची गोळी रोजची आणि गुडघे कुरकुरणारे. त्यांच्यापुढे दोन फ्लॅट आहेत. एक बाणेरला, महामार्गाच्या सेवा रस्त्यालगत नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर, ऐसपैस थ्री बीएचके. दुसरा कल्याणीनगरला, जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर, एक खोली कमी, पण समोर मोठी झाडे. कर्ज वीस वर्षांचे. या वीस वर्षांत मुलाच्या फुप्फुसांची वाढ पूर्ण होईल आणि आजींचे म्हातारपण याच भिंतींत जाईल. म्हणून ते कोरे पान भरणे गरजेचे आहे.

रस्त्यापासून किती मीटर?

माणसाची फुप्फुसे जन्मानंतरही बरीच वर्षे वाढत असतात. मुलींमध्ये ही वाढ साधारण अठराव्या वर्षापर्यंत, मुलांमध्ये त्यानंतरही थोडा काळ चालते. या काळात जी क्षमता तयार होते, तीच पुढे आयुष्यभर पुरवायची असते.

अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची क्षमता वर्षानुवर्षे मोजली गेली. ३,६७७ मुलांच्या नोंदींवर आधारलेले निष्कर्ष २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची आठ वर्षांतली वाढ, दीड किलोमीटर किंवा त्याहून दूर राहणाऱ्या मुलांपेक्षा कमी भरली. शहरातली एकंदर हवा बरी असली, तरी महामार्गाच्या जवळ राहण्याचा हा परिणाम वेगळा दिसून आला.

याचे कारण धुरात आहे. वाहनांच्या, विशेषतः डिझेलच्या धुरातले अतिसूक्ष्म कण, नायट्रोजन डायऑक्साइड, टायर आणि ब्रेक झिजून उडणारी धूळ यांचे प्रमाण रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असते. पहिल्या शे-दीडशे मीटरमध्ये ते झपाट्याने उतरते आणि पुढे हळूहळू शहराच्या सरासरीला मिळते. अमेरिकेतील ‘हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट’च्या तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा मोठ्या रस्त्याच्या प्रदूषणाचा सर्वाधिक प्रभाव ३०० ते ५०० मीटरपर्यंत राहतो, असा निष्कर्ष काढला. कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाने तर २००५ मध्येच सल्ला दिला होता, की महामार्गापासून सुमारे दीडशे मीटरच्या आत नवी घरे आणि शाळा शक्यतो नकोत.

मुंबई-बेंगळुरू महामार्ग बालेवाडी, बाणेर, बावधन यांच्या अंगावरूनच जातो. कल्याणीनगरला महामार्ग नाही, पण नगर रस्ता आहे आणि त्यावरची कोंडीही आहे. म्हणजे ‘बाणेरची हवा चांगली की कल्याणीनगरची’ हा प्रश्नच अपुरा पडतो. बाणेरमध्ये महामार्गालगतचा टॉवर आणि टेकडीच्या बाजूची आतली गल्ली यांच्या हवेत जेवढा फरक पडू शकतो, तेवढा दोन उपनगरांच्या सरासरीत पडेलच असे नाही.

चौदाव्या मजल्यावर धूर पोहोचत नाही, असे बिल्डरच्या कार्यालयात सांगितले जाते. उंचीवर रस्त्याचा धूर काहीसा विरळ होतो, हे खरे. पण पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण, केसाच्या जाडीच्या सुमारे विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे. ते हवेत तरंगत दूरवर पसरतात, त्यामुळे उंचीने त्यांच्यापासून पूर्ण सुटका होत नाही. शिवाय मूल शाळेची बस पकडायला आणि खेळायला खालीच उतरते.

हवेचे आकडे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. पीएम २.५ साठी भारताची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी फक्त ५ आहे. त्यामुळे ‘मर्यादेत’ हा शब्द दम्याच्या मुलासाठी पुरेसा दिलासा देत नाही. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेवर शहरातील हवेची नोंद पाहता येते. ती पावसाळ्यात पाहू नये. पावसाने हवा धुतलेली असते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर जात नाही. घर पाहायला जायचे तर अशाच एखाद्या सकाळी जावे.

आजींच्या झोपेचे काय?

घर बहुधा रविवारी दुपारी पाहिले जाते. तेव्हा रस्ते शांत असतात. पण झोप रात्रीची असते.

झोपलेल्या माणसाचा कान झोपत नाही. मालमोटारीचा हॉर्न किंवा विमानाची घरघर ऐकून जाग आली नाही, तरी मेंदू त्या आवाजाची दखल घेतो. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब काही काळ वाढतात आणि झोप उथळ होते. हे रोज रात्री अनेकदा घडत राहिले, तर त्याची किंमत रक्तवाहिन्यांना मोजावी लागते. युरोपातील सहा मोठ्या विमानतळांच्या परिसरात ४५ ते ७० वयाच्या सुमारे ४,८०० लोकांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. रात्रीच्या विमानांचा आवाज १० डेसिबलने वाढला, की उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी जास्त आढळली.

आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रात्रीच्या रस्त्यावरील वाहतुकीसाठी ४५, तर विमानांसाठी ४० डेसिबलची शिफारस केली. विमानाचा आवाज झोप जास्त मोडतो, असा त्याचा अर्थ.

कल्याणीनगरपासून लोहगाव विमानतळ काही किलोमीटरवरच आहे. विमाने कोणत्या दिशेने उतरतात आणि चढतात, यावर एकेका इमारतीचा आवाज ठरतो. बाणेरला विमाने लांब, पण महामार्गावर रात्रभर मालमोटारी धावतात, आणि उंच मजल्यावर समोर आडोसा नसल्याने हा आवाज थेट वर येतो. दोन्हीकडे उपाय एकच. ज्या खोलीत आजी झोपणार, तिथे रात्री अकरानंतर खिडकी उघडून अर्धा तास बसावे. मोबाइलवरील आवाज मोजणारे अ‍ॅप अचूक नसते. पण दोन घरांची तुलना करण्यापुरते ते कामाला येते.

नळाला काय येते?

उंची सोसायटी म्हणजे चांगले पाणी, ही समजूत पुण्यात अनेकदा खोटी ठरते. शहराच्या कडेने वाढलेल्या भागांत इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिन्या मागून आल्या. बाणेर-बालेवाडीतल्या अनेक सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकर सवयीचे आहेत. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीतून किंवा बोअरवेलमधून भरले, त्यात क्लोरिन किती, हे विचारणारे कमी.

ही चौकशी किती महत्त्वाची आहे, ते जानेवारी २०२५ मध्ये दिसले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात गीया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातापायांतली ताकद जाते. पोटाच्या जंतुसंसर्गानंतर तो होऊ शकतो. त्या वेळी काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि परिसरातल्या पाण्याकडे सर्वांचे लक्ष गेले.

घर घेताना सोसायटीच्या सचिवांकडे तीन गोष्टी मागाव्यात: महापालिकेचे पाणी रोज किती वेळ येते, गेल्या उन्हाळ्यात टँकरवर किती खर्च झाला, आणि पाण्याचा शेवटचा प्रयोगशाळा अहवाल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत असावे, तर क्लोरिन टाकलेल्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे. ई-कोलाय जिवाणू अजिबात नसावा. घरचे शुद्धीकरण यंत्र फक्त पिण्याच्या पाण्यापुरते असते. दात घासायचे आणि भाज्या धुवायचे पाणी टाकीतूनच येते.

नदी, नाला आणि डास

‘रिव्हर व्ह्यू’ म्हटले की भाव चढतो. कल्याणीनगर मुळा-मुठेच्या काठावर आहे, बाणेर-बालेवाडीला मुळा आहे आणि बाणेरमधून रामनदीही वाहते. सदनिका घेण्याआधी जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा विकास आराखड्यावर पाहाव्यात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले, तेव्हा या रेषांचा अर्थ अनेकांना नव्याने कळला. पूर ओसरल्यावरही ओल भिंतींत राहते, तिच्यावर बुरशी धरते आणि बुरशीचे बीजाणू दमा चाळवतात. म्हणून कोरड्या हवेतही स्नानगृहाच्या मागची भिंत आणि कपाटांच्या पाठी पाहाव्यात. नव्या रंगाचा वास येत असेल, तर तिथे जरा जास्तच.

डासांनाही पत्त्याची प्रतिष्ठा कळत नाही. जून २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले ते एरंडवण्यात, शहरातल्या एका सुखवस्तू भागात. झिका आणि डेंगी पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि सहसा काहीशे मीटरच्या परिघातच फिरतो. म्हणजे शेजारच्या प्लॉटवर तीन वर्षे बांधकाम चालणार असेल, तर तिथल्या पाण्याच्या टाक्या आणि भिजवलेले स्लॅब हा आपल्याच घराचा प्रश्न होतो. नदीतल्या जलपर्णीत आणि सांडपाण्यात क्युलेक्स डास वाढतो, तो वेगळा. नदीकाठचे घर पाहायला संध्याकाळी जावे.

एका खोलीची किंमत किती तास?

या कुटुंबात जो पर्याय निवडला जाईल, त्यात एकाला रोज शहर ओलांडावे लागणार. सकाळ-संध्याकाळ सव्वा-सव्वा तास धरला, तर दिवसाला अडीच, आठवड्याला साडेबारा आणि ४८ आठवड्यांत ६०० तास होतात. म्हणजे वर्षातले २५ दिवस, रात्रीसह, गाडीत.

स्वित्झर्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुत्झर यांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती तपासून २००८ मध्ये एक गमतीशीर विसंगती मांडली. माणसे लांबचा प्रवास पत्करतात, कारण त्या बदल्यात मोठे घर किंवा जास्त पगार मिळतो. मग समाधानाची भरपाई व्हायला हवी. पण लांबून येणाऱ्यांचे समाधान कमीच आढळले. मोठ्या खोलीची सवय काही महिन्यांत होते. कोंडीची सवय होत नाही, कारण ती रोज वेगळी असते.

शरीरावरचा परिणामही मोजला गेला आहे. अमेरिकेतील टेक्सासमध्ये ४,२९७ प्रौढांच्या पाहणीत (२०१२) कामाची जागा जितकी लांब, तितका व्यायाम आणि दमसास कमी, कमरेचा घेर आणि रक्तदाब जास्त, असे दिसले. पंधरा-सोळा किलोमीटरहून लांब जाणाऱ्यांत उच्च रक्तदाब अधिक होता. बाणेर ते खराडी किंवा कल्याणीनगर ते हिंजवडी हे अंतर याच टप्प्यात येते.

म्हणून प्रवास नकाशावरच्या किलोमीटरमध्ये मोजू नये. मंगळवारी सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला प्रत्यक्ष करून पाहावा. आठवड्यातून किती दिवस कार्यालयात जावे लागते, तेही धरावे. कल्याणीनगरला मार्च २०२४ पासून मेट्रो स्थानक आहे. स्थानकापर्यंत चालत जाता येत असेल, तर प्रवासातच थोडा व्यायामही होतो.

मुलाचे मैदान, आजींचा पदपथ

क्लब हाउसमधली व्यायामशाळा माहितीपत्रकात छान दिसते. आठ वर्षांच्या मुलाला मात्र उघडे आभाळ लागते. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त बाहेर खेळू दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तीन वर्षांनी त्यांच्यातील सुमारे ३० टक्के मुलांना जवळच्या वस्तूच नीट दिसण्याचा, म्हणजे मायोपियाचा चष्मादोष जडला. इतर मुलांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. बाहेरचा लख्ख उजेड डोळ्यांच्या वाढीला शिस्त लावतो. त्यासाठी मैदान मुलाला एकट्याने किंवा आजींचे बोट धरून जाता येईल इतके जवळ हवे. गाडी काढून जावे लागणारे मैदान आठवड्यातून एकदाच वापरले जाते.

इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या २०१९ च्या पाहणीत, आठवड्यात एकूण दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. बाणेरच्या रहिवाशांना तुकाई टेकडी आणि पाषाण तलाव आहे, कल्याणीनगरला नदीकाठचा डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचा परिसर. पण आजींसाठी प्रश्न वेगळा आहे. सोसायटीच्या फाटकापासून वाणी, औषधांचे दुकान आणि देवळापर्यंत सलग पदपथ आहे का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला दर पन्नास पावलांवर दुचाकी चुकवत रस्त्यावर उतरावे लागले, तर महिन्याभरात चालणे बंद होते आणि मग गुडघे आणखी दुखतात.

झाडांचा उपयोग सावलीपुरता नाही. उन्हाळ्यात शिवाजीनगर आणि वडगाव शेरी यांच्या तापमानात एकाच दिवशी दोन-तीन अंशांचा फरक दिसतो. पश्चिमेची काचेची भिंत आणि वरचा उघडा स्लॅब असलेला फ्लॅट रात्रीही तापलेला राहतो. वृद्धांना अशी गरम रात्र दुपारच्या उन्हाइतकीच जाचते.

आणि शेवटची फेरी रुग्णालयाची. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके उत्तम. २४ तास सीटी स्कॅन असलेले रुग्णालय संध्याकाळच्या गर्दीत किती मिनिटांवर आहे, हे आधीच माहीत हवे.

मग कोणते घर?

कोरे पान भरून झाले, तेव्हा या कुटुंबाचा वाद बदलला. महामार्गालगतचा चौदावा मजला मुलाच्या छातीसाठी आणि आजींच्या झोपेसाठी बाद झाला. बाणेर मात्र बाद झाले नाही. आईला खराडीला आठवड्यातून दोनच दिवस जावे लागते, बाबांना हिंजवडीला रोज. त्यामुळे त्यांनी बाणेरमध्येच महामार्गापासून सातशे मीटर आत, चौथ्या मजल्यावरचा, एक खोली कमी असलेला जुना फ्लॅट शोधला. विकास आराखड्यात त्या गल्लीतून मोठा रस्ता जाणार नाही ना, हे महापालिकेत जाऊन पाहिले. नोकऱ्यांचे दिवस उलटे असते, तर हेच पान त्यांना कल्याणीनगरला घेऊन गेले असते. राहिलेल्या पैशांतून कर्जाचा हप्ताही उतरला, आणि हप्त्याचा ताण हाही रक्तदाबाचा जुना मित्र आहे.

घर पाहताना एवढे करा

• मोठ्या रस्त्यापासूनचे अंतर मोजा. घरात दमा, लहान मूल किंवा हृदयरोगी असेल तर ५०० मीटरच्या पलीकडचे घर आधी पाहा.

• घर चार वेळा पाहा: हिवाळ्यातली सकाळ, कामाच्या दिवसाची संध्याकाळ, रात्री अकरानंतर आणि भर पावसात.

• पाण्याचा अहवाल आणि टँकरचा खर्च लेखी मागा.

• विकास आराखड्यावर पूररेषा, प्रस्तावित रस्ते आणि शेजारचे रिकामे प्लॉट तपासा.

• कार्यालय, शाळा आणि रुग्णालयाचा प्रवास गर्दीच्या वेळी स्वतः करा.

• घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध माणसाला सोबत घेऊन फाटकाबाहेर दहा मिनिटे चालून या. ती दोघे दमली किंवा घाबरली, तर ते कारण वहीत लिहून ठेवा.